कैदी राज्याचा, जेल काउंटीचं: मिझुरीत परताव्याचं बिल कसं करायचं

महाराष्ट्रातून अमेरिकेत आलेल्या माणसाला हा विषय पहिल्या फटक्यात कळत नाही, कारण आपल्याकडे तो प्रश्नच येत नाही. आपल्या राज्यघटनेत तुरुंग हा राज्य सूचीतला विषय. येरवडा असो की एखाद्या जिल्ह्याचं कारागृह, खर्च राज्याच्या गृह खात्याकडे. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात कैद्यांच्या जेवणाची तरतूद शोधून सापडणार नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत अटक झालेला माणूस आधी जातो तो काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, जेलमध्ये. तिथलं जेवण, पहारेकऱ्यांचे पगार, औषधं, विजेचं बिल हे सगळं काउंटी भरते, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स आणि सेल्स टॅक्समधून तिथले रहिवासी भरतात. शिक्षा झाल्यावर गंभीर गुन्ह्यातला माणूस राज्याच्या प्रिझनमध्ये जातो. मधल्या दिवसांचा खर्च कोणाचा, यावर दरवर्षी भांडण.

हा लेख मिझुरी राज्याबद्दल आहे. काउंटीच्या हिशेब विभागात, शेरीफच्या (काउंटीचे पोलीस आणि जेल सांभाळणारा अधिकारी) ऑफिसात किंवा सर्किट कोर्टाच्या, म्हणजे खटले चालतात त्या कोर्टाच्या, क्लार्ककडे नव्याने कामाला लागलेल्यांसाठी तो लिहिला आहे, आणि बजेटच्या बैठकीला जाऊन मागच्या रांगेत बसणाऱ्या जागरूक रहिवाशांसाठीही. मिझुरीच घेण्याचं कारण असं, की बरीच राज्यं शिक्षा सुनावल्यानंतरच्याच दिवसांचे पैसे काउंटीला देतात; मिझुरीत खटला चालू असतानाचे दिवसही मागता येतात. ऐकायला उदार वाटतं. पण त्यात एक मेख आहे, आणि ती समजली की बाकीचं काम बरंचसं कारकुनी उरतं.

आधी मेख समजून घ्या

राज्य पैसे देतं ते खटल्याचा निकाल पाहून. समजा, दोन माणसं एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या फेलनीच्या, म्हणजे गंभीर गुन्ह्याच्या, आरोपाखाली आत आली. दोघंही १४० दिवस शेजारशेजारच्या खोलीत राहिली, तेच जेवण जेवली. पहिल्याला पाच वर्षांची प्रिझनची शिक्षा झाली. दुसऱ्याला प्रोबेशन, म्हणजे प्रिझनऐवजी अटींवर आणि देखरेखीखाली सुटका, मिळालं आणि तो घरी गेला. पहिल्याच्या १४० दिवसांचं बिल राज्याला लावता येतं. दुसऱ्याचं साधारणपणे काउंटीच्याच गळ्यात पडतं. आणि पहिल्याचं बिलही निकाल लागेपर्यंत लावता येत नाही, मग खटला दोन वर्षं रखडला तरी.

अमेरिकेतल्या जेलमध्ये दर दहांतले साधारण सात जण कच्चे कैदी असतात. (भारतातही चारांतले तीन कच्चे कैदीच, त्यामुळे आपल्याला याचं नवल वाटायला नको.) म्हणजे आज जेलमध्ये असलेल्या बहुतेकांबद्दल, त्यांचा एकही पैसा परत येणार की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

यातून एक वाकडी गोष्ट निघते आणि ती उघड बोलायला हवी. माणसाला प्रिझनमध्ये पाठवलं तर काउंटीला पैसे येतात. प्रोबेशनवर सोडलं तर येत नाहीत. न्यायाधीश असा हिशेब करून शिक्षा देतात असं मी म्हणत नाही. पण जो समाजाच्या दृष्टीने स्वस्त मार्ग, तोच काउंटीच्या तिजोरीला महाग पडावा, ही रचनाच चुकीची आहे. हे आमदारांच्याही लक्षात आलं असावं, कारण या परताव्याचं मिझुरीच्या कायद्यातलं मूळ कलम २२१.१०५, त्यात नंतर एक भर पडली. सर्किट कोर्टाचे मुख्य न्यायाधीश, म्हणजे प्रिसायडिंग जज, खटल्याआधीचं मूल्यमापन आणि देखरेख यांसारख्या खर्चाचाही परतावा सुचवू शकतात. तुमच्या काउंटीत असा काही कार्यक्रम असेल तर ही तरतूद कोणी वापरली आहे का, ते विचारून बघा.

पहिली पायरी: कोणता कैदी कोणाचा, हे पहिल्याच दिवशी लिहा

जेलमधला प्रत्येक माणूस राज्याच्या खात्यावर नसतो. साधारण अशी वाटणी असते:

- राज्याच्या कायद्याखाली फेलनीचा आरोप असलेला: पुढे प्रिझनची शिक्षा झाली तर राज्य देणार.
- मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्हा: काउंटीचा खर्च.
- शहराच्या नियमाखाली पकडलेला: शहर आणि काउंटी यांच्यात करार असेल तर शहराला बिल.
- यू. एस. मार्शल्सनी ठेवलेला केंद्राचा कैदी: त्याचा रोजचा दर केंद्राशी झालेल्या वेगळ्या करारात असतो.
- दुसऱ्या काउंटीने जागा नाही म्हणून तुमच्याकडे ठेवलेला: त्या काउंटीला बिल, आणि राज्याकडे मागायचं तर तिनेच मागायचं.
- पॅरोल (इथे याचा अर्थ शिक्षा पुरी होण्याआधी अटींवर सुटका) किंवा प्रोबेशनची अट मोडल्याच्या आरोपावरून, किंवा राज्याच्या सुधारणा विभागाच्या, म्हणजे प्रिझन चालवणाऱ्या खात्याच्या, सांगण्यावरून धरून ठेवलेला: हा राज्याचा, आणि हाच सगळ्यात जास्त वेळा निसटतो.

शेवटच्याबद्दल जरा थांबून सांगतो. कलम २२१.१०५ मध्ये स्पष्ट आहे की राज्याच्या कायद्याखालच्या गुन्ह्यातलं पॅरोल किंवा प्रोबेशन मोडल्याच्या आरोपावरून आत असलेल्या माणसाचा खर्च राज्याला लावता येतो. सुधारणा विभागाच्या विनंतीवरून धरला असेल तर वॉरंट निघालं होतं की नाही, यानेही फरक पडत नाही. पण नवीन गुन्हा नाही, नवीन केस नंबर नाही, म्हणून बिल तयार करणाऱ्याच्या यादीत तो येतच नाही. म्हणूनच वर सांगितलेला, प्रोबेशनवर घरी गेलेला दुसरा माणूस, त्याची फाइल कपाटात टाकून विसरू नका. तो परत आत आला तर त्या दिवसांचे पैसे मागता येतात. (प्रोबेशन रद्द करण्याऐवजी थोडक्या तासांसाठी आत ठेवण्याची व्यवस्था कलम २१७.७१८ मध्ये आहे, तिचा हिशेब वेगळा. दोन्हींची सरमिसळ नको.)

निर्दोष सुटलेल्यांचं काय? मिझुरीच्या कायद्यातल्या प्रकरण ५५० प्रमाणे बहुतेक वेळा काउंटीचा खर्च. मात्र ज्या गुन्ह्याला कायद्यात प्रिझनखेरीज दुसरी शिक्षाच नाही, किंवा मृत्युदंडाचा खटला आहे, तिथे आरोपी सुटला तरी खर्च राज्याचा. अशी प्रकरणं थोडी, पण दिवस भरपूर असतात. त्यामुळे सुटकेचा शेरा दिसला की फाइल न वाचता बाजूला टाकू नये.

दुसरी पायरी: दर कळवा, तोही जानेवारीच्या पहिल्या दिवशी

एका कैद्यावर रोज किती खर्च होतो, हे काउंटी कमिशन, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणारं निवडून आलेलं मंडळ, ठरवतं, आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी सर्किट क्लार्कला कळवणं हे कायद्याने कमिशनचं काम आहे. दर बदलला तर पुन्हा कळवायचं. सेंट लुईस शहर कुठल्याच काउंटीत येत नाही, म्हणून तिथे हे काम शहराच्या तुरुंगप्रमुखाकडे असतं. या दराला सुधारणा विभागाची मंजुरी लागते.

इथे नवख्या लोकांचा गोंधळ होतो, कारण तीन वेगवेगळे आकडे एकाच नावाने फिरत असतात. एक, तुमचा खरा खर्च. दोन, कायद्यातली कमाल मर्यादा: जुलै १९९६ पर्यंत १७ डॉलर, मग २० डॉलर, आणि १ जुलै १९९७ पासून ३७.५० डॉलरपर्यंत. तीन, विधिमंडळाने त्या वर्षी प्रत्यक्षात जेवढी तरतूद केली त्यातून निघणारा दर. हातात पडतो तो तिसरा. २०१९ च्या सुमारास तो २२.५८ डॉलर होता. कायद्याची भाषा “तरतुदीच्या अधीन राहून ३७.५० पर्यंत” अशी आहे, आणि सगळं वजन त्या “अधीन राहून”वर आहे.

वरच्या उदाहरणात आकडे घालून बघा. खरा खर्च रोजचा ६० डॉलर धरला तर १४० दिवसांचे ८,४०० डॉलर होतात. कायद्यातल्या कमाल दराने ५,२५० मिळाले असते. २२.५८ ने मिळतात ३,१६१ डॉलर २० सेंट. बाकीचे पाच हजारांवर डॉलर काउंटीने सोसायचे, आणि हे जिंकलेल्या केसचं सांगतोय.

तरीही खरा खर्च नीट काढून ठेवा. पगार, विमा, जेवण, कपडे, इमारतीची डागडुजी, सगळं. दर वाढवून मागायला राजधानी जेफरसन सिटीत गेल्यावर तोच कागद उपयोगी पडतो. “आमचं भागत नाही” असं नुसतं म्हणणाऱ्या काउंट्या तिथे पुष्कळ येतात.

तिसरी पायरी: दिवस मोजा आणि दुसऱ्या कागदाशी ताडून बघा

खटल्याचा निकाल राज्यावर खर्च पडेल असा लागला की शेरीफने सर्किट क्लार्कला लेखी दाखला द्यायचा: हा कैदी या केसमध्ये एकूण इतके दिवस जेलमध्ये होता. सगळा डोलारा या एका आकड्यावर उभा असतो.

आकडा चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जामिनावर सुटून पुन्हा आलेल्याचे दोन तुकडे असतात आणि एकच मोजला जातो. एका माणसावर तीन केसेस असतात आणि तेच दिवस तिन्हींत लागतात. एका दिवसाचं बिल एकदाच. मधे तो दुसऱ्या काउंटीत कोर्टाच्या तारखेला नेलेला असतो आणि इथल्या नोंदीत मात्र इथेच दाखवलेला असतो. शिक्षा सुनावल्यापासून प्रिझनची गाडी येईपर्यंतचे दिवस तर सर्रास विसरले जातात, कारण “केस संपली” म्हणून कोणीतरी नोंद बंद करून टाकतो.

यावर एक सोपा उपाय आहे. मिझुरीच्या कलम ५५८.०३१ प्रमाणे कैद्याला शिक्षेत वजा मिळावेत म्हणून जेलमध्ये काढलेले दिवस वेगळे मोजले जातात, आणि कैद्याला प्रिझनच्या ताब्यात देताना तो आकडा कागदावर जातो. तो आकडा आणि तुमचा बिलाचा आकडा शेजारी ठेवा. दोन्ही नेहमी सारखेच असतील असं नाही, पण फरक असेल तर त्याचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे. कैदी स्वतःचे दिवस फार काटेकोरपणे मोजतो, त्याचा वकीलही. तुमच्या नोंदीपेक्षा त्यांची नोंद बरोबर निघण्याची शक्यता बरीच.

निकाल आणि तारखा पाहायला शेरीफच्या ऑफिसातून कागद येण्याची वाट बघत बसू नका. मिझुरीच्या न्यायालयांची केस डॉट नेट ही सार्वजनिक व्यवस्था इंटरनेटवर मोफत आहे. दर आठवड्याला तुमच्या काउंटीतल्या निकाल लागलेल्या फेलनी केसेस तिथे पाहा आणि जेलच्या यादीशी जुळवा. हे काम कंटाळवाणं आहे. पण बुडालेली बिलं बहुतेक इथेच सापडतात.

चौथी पायरी: बिल, सह्या, रवानगी

सर्किट क्लार्क खर्चाचं बिल तयार करतो. ते सरकारी वकील, म्हणजे तिथला प्रॉसिक्यूटर, आणि न्यायाधीश तपासतात, प्रमाणित करतात. मग ते सुधारणा विभागाकडे जातं. या विभागाची खर्चाबद्दलची स्वतःची नियमपुस्तिका आहे. ती मागून घ्या आणि टेबलावर ठेवा. फॉर्मच्या बाबतीत माझ्या लेखापेक्षा तिचं ऐका.

कागदांची ही साखळी लांब आहे आणि तिच्यातली माणसं एकमेकांची कनिष्ठ नाहीत. शेरीफ निवडून आलेला, प्रॉसिक्यूटर निवडून आलेला, कमिशनर निवडून आलेले. बहुतेक काउंट्यांत सर्किट क्लार्कसुद्धा निवडून येतो, वर त्याचा पगार राज्य देतं. आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांचं एक पत्र गेलं की चार खाती हलतात, तसं इथे कोणी नाही. शेरीफला दाखला द्यायला लावण्याचा अधिकार हिशेबनिसाला नसतो. म्हणून महिन्याचा एक दिवस ठरवून शेरीफ, सर्किट क्लार्क आणि हिशेब विभाग या तिन्ही ऑफिसांतल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या बायामाणसांनी अर्धा तास एकत्र बसावं, यासारखा उपाय नाही. साहेब लोकांची गरज नाही. सोबत डोनट न्या.

पाचवी पायरी: वाट बघा, पण हिशेबात धरू नका

मिझुरी राज्याचं आर्थिक वर्ष जुलै ते जून. काउंट्यांचं जानेवारी ते डिसेंबर. राज्याची तरतूद वर्ष संपण्याआधी संपली तर उरलेली बिलं पुढच्या वर्षाच्या रांगेत. अशी रांग साचत साचत २०१९ च्या सुरुवातीला काउंट्यांची एकूण थकबाकी तीन कोटी डॉलरच्या वर गेली होती. उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात ते खोटं नाही: बिल मंजूर, रक्कम कबूल, आणि तिजोरीत काही नाही.

त्यामुळे बजेट मांडताना माझा सल्ला कडक आहे. या परताव्यातून कोणाचा पगार काढू नका. गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष जमा झालेली सर्वांत कमी रक्कम बघा आणि उत्पन्नात तेवढीच धरा. जास्त आली तर जेलच्या छपरासाठी, कुलपांसाठी, अशा एकरकमी कामांना वापरा. थकबाकीचा वेगळा तक्ता ठेवा: बिल कधी पाठवलं, किती दिवसांचं, कोणत्या दराने, किती आलं, किती राहिलं. छोट्या काउंट्यांत बजेटचं काम काउंटी क्लार्क करतो, मोठ्यांत ऑडिटर. कुणीही असो, हा तक्ता त्याच्या हातात जानेवारीत पडला पाहिजे, मार्चमध्ये नव्हे.

कैद्याकडून वसुली: इथे पाय जपून टाका

राज्य पुरेसे पैसे देत नाही म्हटल्यावर काउंट्यांनी कैद्यांनाच जेवणा-राहण्याचं बिल लावायला सुरुवात केली. कायद्यात कैद्याने आपला खर्च सोसावा असं आहेच. पण काही ग्रामीण काउंट्यांत प्रकरण फार पुढे गेलं: बिल कोर्टाच्या खर्चात मिसळायचं, भरलं नाही म्हणून दर महिन्याला कोर्टात उभं करायचं, तारीख चुकली की वॉरंट, वॉरंटवर पुन्हा जेल, आणि त्या मुक्कामाचं नवीन बिल. यावर ‘सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच’मधले स्तंभलेखक टोनी मेसेंजर यांनी सातत्याने लिहिलं, त्यांना २०१९ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की जेलचं बिल कोर्टाचा खर्च म्हणून लावता येणार नाही. पाठोपाठ विधिमंडळानेही कायदा बदलला.

तुमच्या दृष्टीने अर्थ इतकाच: ही रक्कम साध्या दिवाणी देण्यासारखी मागता येईल, त्यापायी माणसाला पुन्हा आत टाकता येणार नाही. आणि ज्या दिवसाचे पैसे राज्याने दिले, तोच दिवस कैद्याच्या नावावर दाखवू नका. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अजून तसे कोड पडलेले असू शकतात, तेवढं तपासा. एरवी या वसुलीतून फारसं हाती लागत नाही. जामीन भरायला पैसे नव्हते म्हणून जो आत राहिला, तो बिल कुठून भरणार?

दवाखान्याचं बिल, आणि इतर दारं

काउंटीच्या बजेटला खरा खड्डा पाडतो तो दवाखाना. कैद्याच्या गंभीर आजाराकडे मुद्दाम दुर्लक्ष करणं घटनाबाह्य, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच ठरवलं. त्यामुळे उपचार टाळता येत नाहीत, आणि राज्याकडून मिळणाऱ्या रोजच्या दरात हृदयाची शस्त्रक्रिया बसत नाही. मेडिकेड ही सरकारी आरोग्य योजना जेलमधल्या माणसाचा खर्च देत नाही, पण एक महत्त्वाचा अपवाद आहे: कैदी बाहेरच्या रुग्णालयात २४ तास किंवा जास्त दाखल झाला आणि एरवी तो मेडिकेडला पात्र असेल, तर त्या मुक्कामाचं बिल मेडिकेडला लावता येतं. मिझुरीच्या मतदारांनी २०२० मध्ये मेडिकेडची व्याप्ती वाढवल्यानंतर असे पात्र लोक खूप वाढले. कैदी रुग्णालयात गेला की त्याच दिवशी अर्जाचं बघा. एका मोठ्या आजाराच्या केसमध्ये वर्षभराच्या परताव्याहून जास्त पैसे वाचू शकतात.

दुसरं दार केंद्राचं. कागदपत्रांविना देशात असलेल्या आणि किमान एक फेलनी किंवा दोन मिसडिमीनर सिद्ध झालेल्या माणसाला सलग चार दिवस किंवा जास्त ठेवलं असेल, तर एस. सी. ए. ए. पी. या कार्यक्रमातून पहारेकऱ्यांच्या पगाराचा काही भाग मिळतो. अर्ज दरवर्षी नव्याने करायचा. लहान काउंटीला रक्कम छोटी मिळते, मेहनत मात्र तेवढीच, तेव्हा आधी आपल्याकडे अशी किती माणसं होती ते बघून ठरवा.

आणि एक गट असा, ज्याचं कुठलंच दार लवकर उघडत नाही. मानसिक आजारामुळे खटला समजण्याच्या स्थितीत नसलेल्यांना कोर्ट राज्याच्या मनोरुग्णालयात पाठवायचा आदेश देतं. तिथे जागा नसते, माणूस महिनोनमहिने जेलमध्येच राहतो. खटला थांबलेला, म्हणजे निकाल नाही, म्हणजे बिल नाही. अशांचे दिवस वेगळ्या यादीत मोजत राहा आणि ती यादी कमिशनरांना आणि आपल्या भागाच्या आमदाराला पाठवत राहा.

मिझुरीबाहेर असाल तर

नियम राज्याच्या सीमेवर बदलतात. लुइझियानात राज्याचे जवळजवळ निम्मे कैदी स्थानिक शेरीफांच्या जेलमध्येच शिक्षा भोगतात, त्यासाठी रोजचा ठरलेला दर मिळतो, आणि तिथे तर शेरीफांनी त्या उत्पन्नाच्या भरवशावर जेलं बांधली. केंटकीत १२० काउंट्या, जेलर निवडून येतो, आणि कमी गंभीर फेलनीतल्या कैद्यांचा दर अनेक वर्षं ३१.३४ डॉलर होता. व्हर्जिनियात कॉम्पेन्सेशन बोर्ड नावाची संस्था शेरीफच्या कर्मचाऱ्यांच्या पगारालाही हातभार लावते, पण रोजचा दर किरकोळ. कॅलिफोर्नियात २०११ नंतर कमी गंभीर गुन्ह्यांतले कैदी काउंट्यांकडे सोपवले आणि बदल्यात विक्रीकराचा वाटा दिला, त्यामुळे तिथे दिवस मोजून बिल करण्याची ही पद्धतच मुख्य नाही. कनेटिकट, डेलावेअर, ऱ्होड आयलंड, व्हर्मांट, हवाई यांसारख्या राज्यांत जेल आणि प्रिझन दोन्ही राज्यच चालवतं; तिथे कामाला लागला असाल तर या लेखातलं मेडिकेडचं तेवढं घ्या.